तीन वर्षांचे रविवार: २१ अंकी संख्येची गोष्ट

आजचा भाग एका संख्येवर आहे. फक्त एका. ऐकताना आकडे डोक्यात धरणं अवघड जातं अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून हा भाग वाचण्यासाठी इथे देतेय. बोलताना जसं बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

तर तुमच्या समोर कॉम्प्युटर असेल तर ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि त्यात २चा ६७वा घात काढून त्यातून १ वजा करायला सांगा. माझ्याकडे उत्तर आलं १४७५७३९५२५८९६७६४१००००. शेवटी चार शून्यं. आता बघा, २चा कुठलाही घात सम असतो. समातून १ वजा केला की विषम संख्या यायला हवी, आणि विषम संख्येच्या शेवटी शून्य येणं शक्यच नाही. म्हणजे हे उत्तर डोळे झाकूनही चूक आहे.

कारण आपल्या धंद्यातल्या लोकांना माहीत असेल. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या पूर्णांक अचूक धरते ती २च्या ५३व्या घातापर्यंत, साधारण १६ अंक. त्यापुढे ती जवळपासची संख्या धरते आणि छापताना उरलेल्या जागी शून्यं भरते. वजा केलेला तो बिचारा १ तर कुठे गेला कळतही नाही. ६४ बिटांचा पूर्णांक घेतला तरी भागत नाही, कारण ही संख्या त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ आठ पट आहे. पायथनला विचारा, तो मात्र पूर्ण उत्तर देतो:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं एक, दश, शत करत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. आपली संख्या १,४७५ परार्धांहून मोठी आहे, म्हणजे तिच्यासाठी 'लीलावती'तलंही एक नाव पुरत नाही.

बायनरीत लिहिली तर मात्र ही संख्या अगदी सोपी दिसते: ओळीने ६७ वेळा १, बास. या सोप्या दिसणाऱ्या संख्येबद्दल लोक २३२ वर्षं चुकीचं ऐकत आले, मग २७ वर्षं अर्धंच सत्य माहीत होतं, आणि पुरतं सत्य कळलं ते एका माणसाने आपले रविवार घालवले म्हणून. त्या 'अर्ध्या सत्या'मुळेच मला ही गोष्ट सांगाविशी वाटली.

पाद्रीबाबांची यादी

सुरुवात पॅरिसमध्ये. मरां मेर्सेन हा मिनिम पंथाचा ख्रिस्ती साधू. स्वतः गणिती होताच, पण त्याहून मोठं काम म्हणजे त्याचा पत्रव्यवहार. देकार्त, फर्मा, अशा लोकांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि त्याच्याकडून पुढे जायची. त्या काळात संशोधनाची नियतकालिकं नव्हती. मेर्सेनला पत्र लिहिलं की युरोपभर कळलं, असा मामला होता.

त्या मंडळींना ओढ होती परिपूर्ण संख्यांची. परिपूर्ण म्हणजे काय? ६ घ्या. तिला तिच्याहून लहान १, २, ३ यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीज ६च. २८चंही तसंच: १, २, ४, ७, १४. अशा संख्या बनवायची रीत युक्लिडने देऊन ठेवली होती. २च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. मग प्रश्न उरतो एवढाच की २चा कितवा घात घेतला तर असं होतं?

घातांक स्वतः मूळ नसेल तर होत नाही, हे सोपं आहे. पण घातांक मूळ असला म्हणून होतंच असंही नाही. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ मिळतात, सगळ्या मूळ. मग येतो ११. त्याला २,०४७ मिळतात, आणि २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. ही गोष्ट १५३६ साली छापून आली होती.

१६४४ साली मेर्सेनने एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सरळ यादीच देऊन टाकली. २५७ पर्यंतचे चालणारे घातांक इतकेच: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. बाकीचे नाहीत.

त्या यादीतला ६७ म्हणजे आपली संख्या. मेर्सेनच्या म्हणण्यानुसार ती मूळ आहे.

हे त्याने कसं ठरवलं? १९च्या पुढचं सगळं त्याने पडताळून पाहिलं असण्याची शक्यता नाही. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचा सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत सुटायचं. आपल्या संख्येचं वर्गमूळ आहे सुमारे १,२१४ कोटी ८० लाख. एवढे भागाकार सतराव्या शतकातल्या मठात बसून होणार नाहीत. पण विधान छापलं गेलं होतं, माणूस प्रतिष्ठित होता, आणि ते खोडून काढणंही तितकंच अशक्य होतं. आपल्याकडे जुन्या कोडमध्ये एखादी कॉमेंट असते ना, 'हे असंच ठेवा, बरोबर आहे', आणि ती तपासायची कुणाची छाती होत नाही, तसं झालं.

यादीतल्या ३१ची तपासणी १७७२पर्यंत झाली. ती ऑयलरने केली. २चा ३१वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. हा आकडा पाहिल्यावर प्रोग्रॅमर लोक गालात हसले असतील. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच, आणि ती मूळ संख्या आहे. तिथे वर्गमूळ ४६ हजारांच्या घरातलं होतं, ऑयलरला ते जमलं. ६७ मात्र अजून कुणाच्याच हाताला लागत नव्हता.

'मूळ नाही' एवढंच

आता १८७६. फ्रान्समध्येच एदुआर ल्युका नावाच्या गणितज्ञाने संख्या मूळ आहे की नाही हे तपासायची वेगळीच रीत काढली. तिच्यात कशाने भाग जातो हे शोधतच नाहीत. पुढे १९३०च्या सुमारास डेरिक लेमरने ती सुटसुटीत केली, तीच सांगते, कारण तुम्ही वहीवर करून बघू शकता.

४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांक ५ असेल तर या ओळीतलं चौथं पद बघायचं, ११ असेल तर दहावं. बाकी शून्य आली तर मूळ, नाही आली तर संयुक्त.

३१ घेऊ, घातांक ५. पहिलं पद ४. त्याचा वर्ग १६, उणे २, दुसरं पद १४. १४चा वर्ग उणे २ म्हणजे १९४, त्याला ३१ने भागून बाकी ८. ८चा वर्ग उणे २ म्हणजे ६२, ३१ने भागून बाकी शून्य. चौथं पद शून्य, म्हणून ३१ मूळ. झालं.

आता २,०४७ घेऊ, घातांक ११. ओळ अशी येते: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. दहावं पद १७३६, शून्य नाही. म्हणून २,०४७ संयुक्त आहे, शंभर टक्के.

पण या १७३६कडे जरा बघा. यात तुम्हाला २३ दिसतात का? ८९ दिसतात? नाही ना? ही रीत ठामपणे सांगते की या संख्येचे तुकडे होतात. तुकडे कोणते, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. वैद्याने नाडी बघून 'आत काहीतरी आहे' म्हणावं आणि कुठे, काय, ते सांगू नये, तसं.

ल्युकाने आपल्या रीतीने दोन मोठे निकाल काढले. १२७च्या बाबतीत मेर्सेन बरोबर होता: ती ३९ अंकी संख्या मूळ आहे, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षं त्याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. आणि ६७च्या बाबतीत मेर्सेन चूक होता. आपली २१ अंकी संख्या संयुक्त आहे.

म्हणजे १८७६पासून माणसाला माहीत होतं की दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार केला तर ही संख्या मिळते. कुठल्या दोन, ते मात्र पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला पहिल्यांदा हे वाचून विचित्र वाटलं होतं. शाळेत आपण शिकलो की संयुक्त म्हणजे अवयव दाखवायचे. १५ संयुक्त का, तर ३ पाचे १५. 'संयुक्त आहे' आणि 'हे घ्या अवयव' ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकच होती. ती एक नाहीत. या दोन वाक्यांमध्ये अंतर आहे, आणि आपल्या संख्येसाठी ते अंतर २७ वर्षांचं होतं.

कोलचे रविवार

ते अंतर पार केलं फ्रँक नेल्सन कोल याने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा १८९६पासून सचिव. सचिव म्हणजे सभा, पत्रं, इतिवृत्तं. आठवड्याभराची कामं सांभाळून हा माणूस रविवारी या संख्येशी झुंजायचा.

झुंज किती मोठी होती याचा हिशोब करू. हा हिशोब मला फार आवडतो.

२च्या मूळ घातातून १ वजा केलेल्या संख्येचे विभाजक कसेही नसतात. घातांक ६७ असेल तर प्रत्येक विभाजक १३४च्या पटीपेक्षा १ने जास्त असतो. शिवाय त्याला ८ने भागलं तर बाकी १ किंवा ७च उरते. ११साठी पडताळून बघा: २२च्या पटीत १ मिळवला की २३, आणि २२ चोक ८८ अधिक १, ८९. बरोबर. आपल्या संख्येसाठी या दोन अटींत बसणारी पहिली मूळ संख्या कोणती? थेट १,६०९. त्याआधीच्या सगळ्या न बघता बाद.

ही चाळणी जबरदस्त आहे, पण पुरत नाही. जो लहान अवयव शेवटी सापडला, तिथपर्यंत या अटींत बसणाऱ्या संख्या आहेत सव्वासात लाखांच्या आसपास. त्यांतल्या फक्त मूळ धरल्या तरी माझ्या अंदाजाने ८० हजार. तेवढ्या मोठ्या मूळ संख्यांची छापील यादीही तेव्हा मिळत नव्हती. तीन वर्षांत रविवार १५६. म्हणजे दर रविवारी पाचशेवर भागाकार, प्रत्येक भागाकार २१ अंकी संख्येला सात-आठ-नऊ अंकी संख्येने. एकाला पाच मिनिटं धरली तर एका रविवारी ४३ तास लागतील.

म्हणजे नुसत्या भागाकारांनी हे झालेलं नाही. कोलने वर्गशेषांचा आधार घेतला. कल्पना अशी. ८ची जी अट आत्ता सांगितली ती येते कुठून? आपल्या संख्येने भागलं तर २च्या ६७व्या घाताची बाकी १ येते. मग २च्या ६८व्या घाताची बाकी २. आणि ६८वा घात म्हणजे ३४व्या घाताचा वर्ग. म्हणजे २ ही एका वर्गाची बाकी आहे. जे आख्ख्या संख्येला लागू तेच तिच्या प्रत्येक अवयवाला लागू, आणि २ ही वर्गाची बाकी असणं अर्ध्याच मूळ संख्यांना जमतं. म्हणून अर्धे उमेदवार बाद. आता २सारख्या आणखी छोट्या संख्या शोधून काढा ज्या वर्गाच्या बाक्या आहेत. अशी प्रत्येक नवी संख्या सापडली की उमेदवार पुन्हा निम्मे. दहा वेळा निम्मे केले की ८० हजारांचे ८० उरतात.

ऐकायला सोपं आहे. पण या छोट्या संख्या मोठमोठे वर्ग करून, त्यांच्या बाक्या काढून, त्या फोडून हुडकाव्या लागतात, आणि कुठे एक हातचा चुकला तर खरा अवयवच चाळणीतून खाली पडून जाईल. त्याचा पत्ताही लागणार नाही. चाचणी नाही, एरर मेसेज नाही. फक्त पुढचे रविवार वाया.

शनिवारची सभा

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा. कोलचा निबंध मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर.

पुढची गोष्ट अशी सांगतात. कोल उठला, काही न बोलता फळ्याशी गेला. २चा ६७वा घात त्याने हाताने काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात गेला आणि दोन संख्या मांडल्या:

१९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७

शाळेत करतात तसा एकाखाली एक ओळी लिहीत गुणाकार पूर्ण केला. दोन्हीकडची उत्तरं सारखी. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसला. एक शब्द नाही. सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुणी प्रश्न विचारला नाही.

सुरेख गोष्ट आहे. पण इतिहासाचं पॉडकास्ट आहे, तर विचारायला हवं की सांगतंय कोण. ही गोष्ट येते एरिक टेंपल बेलकडून, आणि त्याने ती छापली १९५१मध्ये. घटनेनंतर ४८ वर्षांनी. १९०३मध्ये बेल वीस वर्षांचा होता आणि अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्डला शिकत होता. म्हणजे त्या खोलीत तो नव्हता. शिवाय गणितज्ञांच्या गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल बेल चांगलाच प्रसिद्ध आहे.

पण रविवारांचं वेगळं आहे. बेल पुढे कोलंबियाला आला आणि तो सांगतो की १९११मध्ये त्याने स्वतः कोलला विचारलं, किती वेळ लागला? कोलचं उत्तर: तीन वर्षांचे रविवार. हे ऐकीव नाही, समोरासमोरचं आहे. सभेतल्या शांततेबद्दल मी शंभर टक्के हमी देणार नाही. रविवारांवर माझा बराच विश्वास आहे.

आणि ज्याबद्दल काहीच शंका नाही ते म्हणजे कोलचा छापील निबंध. सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्याच वर्षाअखेरीस आलेला, चार पानांचा. त्यात तो अवयव देतो आणि रीतही मांडतो. म्हणजे गोष्टीत गप्प बसलेला कोल कागदावर गप्प नव्हता. चित्रपटात शांत हिरो छान दिसतो, पण पुढच्या माणसाला उपयोगी पडतात ती चार पानं.

मी कॅलेंडर बघितलं. ३१ ऑक्टोबर १९०३ हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच या संख्येचं काही काम शिल्लक नव्हतं.

मेर्सेनच्या यादीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. ६७ आणि २५७ दोन्ही चुकीचे निघाले. आणि ६१, ८९, १०७ हे तीन चालणारे घातांक त्याने सोडले होते. काहींचं म्हणणं आहे की ६७ ही ६१ची छपाईतली चूक असावी. २५७पर्यंतची सगळी यादी तपासून व्हायला १९४७ उजाडलं. तीनशे तीन वर्षं. तरीही या प्रकारच्या मूळ संख्यांना आजही मेर्सेनचंच नाव आहे. चुकीची का होईना, पण तपासता येईल अशी यादी त्याने दिली होती.

ते अंतर अजून आहे

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं १९०३चं. आज काय? माझ्या लॅपटॉपवर एका ओळीच्या आज्ञेने ही संख्या फोडली. एंटर दाबेपर्यंत उत्तर समोर. एका माणसाची तीन वर्षं, पापणी लवायच्या आत. खरं सांगते, गंमत वाटण्याऐवजी मला थोडं वाईट वाटलं.

पण मग लक्षात आलं की यंत्राने २१ अंकांचं अंतर पार केलंय. अंतर मिटवलेलं नाही.

१९७७मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन या तिघांनी याच अंतरावर एक कुलूप बांधलं. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणाकार करा, गुणाकार जगजाहीर करा. संदेश कुलूपबंद करायला गुणाकार पुरतो, उघडायला अवयव लागतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनरने आपल्या सदरात १२९ अंकी संख्या छापली, तिने कुलूपबंद केलेला संदेश दिला, आणि फोडणाऱ्याला शंभर डॉलरचं बक्षीस. रिव्हेस्टचा अंदाज होता की त्या वेळच्या रीतींनी ती फोडायला ४० हजार लाख कोटींच्या हिशोबातली… थांबा, शून्यं मोजून सांगते. ४वर १६ शून्यं, इतकी वर्षं लागतील.

लागली १७. १९९४च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या सहाशेच्या आसपास लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ दिला, आठेक महिने हिशोब चालला, निकाल ईमेलने गोळा झाले, आणि संख्या फुटली. म्हणजे सहाशे लोकांचे रविवारच म्हणा ना. त्यांच्या रीतीच्या मुळाशीही वर्ग आणि त्यांच्या बाक्याच होत्या. कोलचा खडू तिथपर्यंत पोचला होता. संदेश काय निघाला? एका नाजूक पोटाच्या गिधाडाबद्दलचे निरर्थक शब्द. बनवणाऱ्यांना तो कुणी कधी वाचेल असं वाटलंच नव्हतं.

मग संख्या मोठ्या केल्या. २०२०मध्ये याच प्रकारची २५० अंकी संख्या फुटली. एकच प्रोसेसर-गाभा वापरला असता तर २,७०० वर्षं लागली असती इतकं गणन त्यात गेलं. आज जिथे हे कुलूप वापरतात तिथे संख्या सहसा ६१७ अंकी असते. तुमच्या बँकेच्या साइटवर ब्राउझरच्या पट्टीत प्रमाणपत्र उघडून बघा. बऱ्याच साइट आता वेगळ्या गणितावर गेल्या आहेत, पण काहींमध्ये तुम्हाला २०४८ बिटांची किल्ली दिसेल. ती जी लांबलचक संख्या दिसते, ती संयुक्त आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. अवयव फक्त एकाला.

उलट बाजूने, 'मूळ आहे की नाही' हा प्रश्न सोपा होत गेला. २००२च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की कुठल्याही संख्येसाठी हा प्रश्न, नशिबावर काही न सोपवता, अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यातल्या पायऱ्यांत सुटतो. कयाल आणि सक्सेना नुकतेच बीटेक झाले होते. (माझ्या बीटेकच्या प्रोजेक्टबद्दल आपण बोलायला नको.) पण त्यांची रीतही ल्युकाच्या रीतीसारखीच आहे: संयुक्त आहे म्हणेल, अवयव सांगणार नाही. साध्या कॉम्प्युटरवर अवयव काढायची तशी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. १८७६ आणि १९०३च्या मधली ती फट अजून उघडीच आहे, आणि आपण तिच्यात आपले पासवर्ड ठेवलेत.

जाता जाता एक. मेर्सेनच्या त्याच घराण्यातली एक संख्या आहे, घातांक १,२७७. ३८५ अंकी. ती संयुक्त आहे हे ल्युकाच्या रीतीने पक्कं झालंय. तिचा एकही अवयव आजवर कुणाला मिळालेला नाही, आणि या घराण्यात अशा अवस्थेतली ती सगळ्यात लहान. लोक शोधताहेत, यंत्रं चालू आहेत. तिचे अवयव आहेत, ठरलेले आहेत, आणि ज्या दिवशी सापडतील त्या दिवशी तुम्ही-आम्ही कुणीही वहीवर गुणाकार करून खात्री करून घेऊ शकू. शोधायला किती रविवार लागतील ते कुणी सांगू शकत नाही.

आजच्यापुरतं इतकंच. कोलचा तो गुणाकार या रविवारी एकदा हाताने करून बघा. मी केला. दुसऱ्या प्रयत्नात बरोबर आला, पहिल्यात एक हातचा राहिला होता. भेटू पुढच्या भागात.